अमेरिकन सामोआ : झेंडा अमेरिकेचा, जमीन घराण्याची

दर्यावर्दी

परवा ग्वाम आणि प्वेर्तो रिकोवर बोलणं चाललं होतं तेव्हा कुणीतरी विचारलं होतं की अमेरिकन सामोआ म्हणजे नक्की काय प्रकार आहे, देश आहे की राज्य. तिथंच लिहायला बसलो तर लांबण लागेल म्हणून वेगळा धागा काढतोय. आमचं कंटेनर जहाज साउथ पॅसिफिकच्या रूटवर असताना पांगो पांगोला (नकाशात पागो पागो असं दिसेल) थांबायचं, बंदरावरच्या लोकांशी ओळखी झाल्या आणि तेव्हापासून ह्या बेटांबद्दल जे मिळेल ते वाचत आलोय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ह्या लोकांचं राजकारण घ्या, लग्न घ्या, मयत घ्या, कोर्टकचेऱ्या घ्या, सगळं फिरून जमिनीपाशी येतं, आणि ती जमीन कुणा एकाची नसते, अख्ख्या घराण्याची असते. हे धरून चाललं की बाकीचं आपोआप उलगडत जातं.

भूगोल पटकन आटोपतो. हवाईच्या दक्षिणेला जवळजवळ ४२०० किलोमीटर, विषुववृत्ताच्या खाली. तिकडे वस्ती असलेला अमेरिकेचा हा एकमेव प्रदेश. मुख्य बेट तुतुइला, त्याला चिकटून छोटंसं आउनुऊ, पूर्वेला मनुआ गटातली ताऊ, ओफू आणि ओलोसेंगा, शिवाय रोझ अटोल आणि लांब उत्तरेला स्वेन्स आयलंड. सगळं मिळून २०० चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाही. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ४९,७१० होती, २०१० ला ५५,५१९ होती, म्हणजे माणसं कमी होतायत, त्यावर नंतर बोलू. पांगो पांगोचं बंदर म्हणजे ज्वालामुखीचं मुख खचून आत समुद्र घुसलेला, तिन्ही बाजूंनी हिरवे उभे डोंगर आणि समोर पिओआ नावाचा डोंगर, त्याला सगळे रेनमेकर म्हणतात कारण ढग त्याला अडतात आणि पाऊस बंदरावर कोसळतो. आत शिरलं की बाहेरची लाट लागतच नाही, जहाजवाल्याला ह्याहून सुरक्षित जागा त्या भागात सापडणं कठीण.

आणि ह्या बंदरामुळेच अमेरिका तिथं आली. १८७२ मध्ये अमेरिकन नौदलाच्या मीड नावाच्या कमांडरने तिथला मोठा सरदार माउंगा ह्याच्याशी बंदर वापरायचा करार केला, कारण वाफेच्या जहाजांना कोळसा भरायला मधे ठाणं हवं होतं. पुढे जर्मनी, इंग्लंड आणि अमेरिका तिघांचीही सामोआवर नजर, १८९९ मध्ये त्यांनी आपसात वाटणी केली, पश्चिमेची मोठी बेटं जर्मनीला आणि पूर्वेची अमेरिकेला, इंग्लंड दुसरीकडे मोबदला घेऊन बाजूला झालं. सामोअन माणसाला कुणी विचारलं नाही. एकाच रक्ताची, एकाच भाषेची, एकमेकांत सोयरीक असलेली माणसं दोन झेंड्यांखाली गेली.

पण तुतुइलाच्या सरदारांनी एक गोष्ट फार हुशारीने केली. १७ एप्रिल १९०० ला त्यांनी बेट अमेरिकेच्या हवाली करण्याचा दस्त केला त्यात लोकांच्या जमिनीच्या हक्कांना धक्का लावणार नाही हे लिहून घेतलं. मनुआच्या राजाने १९०४ मध्ये सही केली. अमेरिकन काँग्रेसने ह्या दस्तांना मान्यता द्यायला १९२९ उजाडलं, तोपर्यंत आणि नंतरही १९५१ पर्यंत नौदलाचाच अंमल होता, मग कारभार अमेरिकेच्या इंटिरियर खात्याकडे (म्हणजे सरकारी जमिनी आणि असे प्रदेश सांभाळणारं खातं) गेला. लोकांनी निवडलेला पहिला गव्हर्नर पीटर ताली कोलमन, तो १९७८ मध्ये खुर्चीवर बसला.

आता जमिनीकडे येतो. अंदाजे ९० टक्के जमीन सामाईक आहे. आइंगा म्हणजे विस्तारित कुटुंब, शेकडो माणसांचं असू शकतं, आणि त्याचा प्रमुख तो मताई. मताई हे नाव नसून पद आहे, घराण्याची एक पदवी असते आणि ती ज्याला मिळेल त्याने तीच पदवी नावासारखी लावायची. बापाची मुलाला आपोआप मिळत नाही, सगळं कुळ बसून ठरवतं, कोण सेवा करतो, कोण बोलतो चांगलं, कोण सगळ्यांना धरून ठेवील. कुणी कुठं घर बांधायचं, कुणी कुठं तारो (अळूचा कंद) लावायचा हे मताई ठरवतो. गव्हर्नरच्या लेखी मंजुरीशिवाय विकायचा अधिकार मात्र त्यालाही नाही. निम्म्याहून कमी सामोअन रक्त असलेल्याला जमीन देता येत नाही असा कायदाच आहे. पदवीवरून भांडण झालं तर हायकोर्टात जमीन आणि पदव्यांचा वेगळा विभाग आहे, तिथं खटले वर्षानुवर्षं चालतात. सिनेटमध्ये १८ जण, सगळे मताईच असावे लागतात आणि त्यांना मतपेटीतून नाही तर परंपरेप्रमाणे काउंटीच्या सभा निवडतात. खालचं सभागृह तेवढं आपल्या ओळखीच्या निवडणुकीचं.

एक उदाहरण देतो म्हणजे किती घट्ट आहे ते कळेल. १९८८ मध्ये अमेरिकेने इथं नॅशनल पार्क करायचं ठरवलं. तिथं खुद्द अमेरिकन सरकारलासुद्धा जमीन विकत घेता आली नाही! शेवटी १९९३ मध्ये गावांच्या सभांबरोबर ५० वर्षांचा भाडेकरार झाला. आज त्या पार्कमध्ये ओफूचा प्रवाळाचा किनारा आहे, फळं खाणारी मोठी वटवाघळं दिवसाढवळ्या उडताना दिसतात, आणि भाडं गावांकडे जातं.

आणि घरासमोर थडगी. अंगणात, ओट्यालगत, वर पत्र्याचं छप्पर घातलेली, त्यावर बसून मुलं अभ्यास करतात, बायका वाळवण घालतात. आजा-पणजा तिथं पुरलेला आहे म्हणजे ही जमीन आमची, इतका सरळ पुरावा आहे तो.

रानजाई

फारच सुंदर लिहिलंय दादा, एका दमात वाचलं. अंगणात थडगी हे वाचून क्षणभर थांबलेच. रोजचं जगणं कसं असतं तिथलं? गावं कशी दिसतात, बायका काय करतात, देवधर्म किती?

दर्यावर्दी

देवधर्म खूप, ताई. १८३० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचा जॉन विल्यम्स सामोआत उतरला आणि पुढच्या काही वर्षांत सगळी बेटं ख्रिस्ती झाली. आज प्रत्येक गावात गावाच्या मानाने केवढं तरी मोठं चर्च दिसतं आणि प्रदेशाचं ब्रीदवाक्यच मुळी 'सामोआ, आधी देव' अशा अर्थाचं आहे. पण मिशनऱ्यांनी मताई व्यवस्था मोडली नाही, तिच्यातच धर्म बसवला.

संध्याकाळची 'सा' बघण्यासारखी असते. दिवेलागणीला गावात घंटा होते, घंटा म्हणजे बऱ्याच ठिकाणी रिकामा गॅसचा सिलिंडर टांगलेला, त्यावर लोखंडी दांड्याने ठोके. पहिल्या ठोक्यांना घरी या, दुसऱ्यांना प्रार्थना सुरू, तिसऱ्यांना संपली. मधल्या दहा-पंधरा मिनिटांत गावात कुणी चालायचं नाही, पोहायचं नाही. गावातली पदवी नसलेली तरुण पोरं, त्यांना आउमांगा म्हणतात, सारख्या रंगाची लावालावा (लुंगीसारखं वस्त्र) नेसून रस्त्याच्या कडेला उभी राहतात आणि कुणी आलं तर हाताने थांबवतात. घराघरातून एकाच वेळी भजनाचा आवाज येतो, चार-चार सुरांत गातात, कुणी शिकवलेलं नसतं, लहानपणापासून कानावर असतं.

रविवारी तर सगळंच बंद. पहाटे पुरुष आणि पोरं उमू लावतात, तापलेल्या दगडांवर तारो, ब्रेडफ्रूट, मासे, डुक्कर, वरून केळीची पानं. पालुसामी माझा सगळ्यात आवडता पदार्थ, कोवळ्या तारोच्या पानात नारळाचं घट्ट दूध आणि कांदा बांधून भाजतात, आपल्या कोकणातल्या माणसाला लगेच घरचं वाटेल असं. चर्चहून आल्यावर सगळं कुटुंब जेवतं, आधी मताई आणि पाहुणे, मग बाकीचे. वर्षातून एकदा मात्र उलटं, ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी मुलांचा सण, मुलं पांढरे कपडे घालून चर्चमध्ये पाठ केलेलं म्हणून दाखवतात आणि त्या दिवशी मुलं आधी जेवतात, मोठे वाढतात.

जुनी घरं म्हणजे फाले, खांबांवर छप्पर आणि भिंतीच नाहीत. आता सिमेंटची घरं झाली तरी पाहुण्यांसाठी आणि सभेसाठी पुढे फाले असतेच. आत मांडी घालून बसायचं, पाय कुणाकडे करायचे नाहीत, बसलेल्या माणसांपुढून जाताना वाकून 'तुलोउ' म्हणायचं.

कायद्याचं_बोला

लेख आवडला पण एका गोष्टीला हात न लावता पुढे गेलात. हे लोक अमेरिकेचे नागरिक नाहीत! बाकी सगळ्या वस्तीच्या टेरिटरीत जन्माने नागरिकत्व मिळतं, फक्त इथं नाही. त्यांच्या पासपोर्टवर शेरा असतो की धारक अमेरिकेचा नॅशनल आहे, नागरिक नाही. सैन्यात भरती होतात आणि ती सुद्धा दरडोई कितीतरी जास्त, इराक-अफगाणिस्तानात जीव दिले, आणि हवाई किंवा युटामध्ये राहायला गेले तरी मत देता येत नाही, वेगळा अर्ज करून, फी भरून, परीक्षा देऊन नागरिक व्हावं लागतं. त्यावर दोन मोठे खटले झाले. तुआउआ खटल्यात २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने नाही म्हटलं. मग युटात राहणाऱ्या फितिसेमानु ह्यांचा खटला, २०१९ मध्ये खालच्या कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, २०२१ मध्ये अपिलात तो फिरला आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ऐकायलाच नकार दिला. ह्या सगळ्याच्या मुळाशी १९०१ पासूनचे इन्सुलर निकाल, म्हणजे अमेरिकेने घेतलेल्या बेटांबद्दलचे सुप्रीम कोर्टाचे निकाल आहेत, ज्यात परक्या वंशाच्या लोकांना आपली राज्यघटना पूर्ण लागू करता येईल का अशी भाषा आहे. न्यायमूर्ती गोरसच ह्यांनी २०२२ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात स्पष्ट लिहिलं की हे निकाल रद्द व्हायला हवेत. जमीन सामाईक आहे हे छानच, पण त्यासाठी माणसाला दुय्यम ठेवायचं हे मला पटत नाही.

दर्यावर्दी

तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे आणि त्या निकालांची भाषा वाचून माझंही रक्त तापतं. पण ह्या खटल्यांत नागरिकत्व नको म्हणून कोर्टात उभं कोण राहिलं ते बघा. अमेरिकन सामोआचं सरकार स्वतः, आणि काँग्रेसमधले त्यांचे प्रतिनिधी. तुआउआ खटल्यात फालेओमावाएंगा होते, पुढच्या खटल्यात आमाता कोलमन राडेवागेन. त्यांना भीती ही की एकदा राज्यघटना पूर्ण लागू झाली की कुणीतरी कोर्टात जाऊन विचारणार, रक्त बघून जमीन विकायला बंदी हा वंशभेद नाही का? सिनेटमध्ये फक्त पदवीवाले कसे? आणि हवाईत काय झालं हे त्यांच्या डोळ्यासमोर आहे, तिथल्या मूळ लोकांकडे जमीन किती राहिली बघा. शेजारी इतकं मोठं उदाहरण असताना ते म्हणतात, नागरिकत्व हवं की नको हे आम्ही आमच्या फोनोत (विधिमंडळात) ठरवू, वॉशिंग्टनच्या न्यायाधीशाने ठरवू नये. मला हे पटतं.

अर्थात युटात कर भरणारा, मुलं वाढवणारा माणूस मत मागतो तेही पटतं. दोन्ही सामोअनच आहेत. माझ्या मते बाहेर राहणाऱ्यांसाठी नागरिकत्वाची वाट फुकट आणि सोपी करणं हे काँग्रेसला उद्या करता येण्यासारखं आहे, त्याने बेटावरच्या एका इंचालाही धक्का लागणार नाही.

नाचणी

आमच्या गोव्यात गांवकारी, म्हणजे पोर्तुगीजांनी ज्यांना कोमुनिदाद म्हटलं, त्यात पण गावाची जमीन सामाईक आणि मूळ गांवकारांचे वंशजच सभासद. वाचताना सारखं तेच आठवत होतं. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी आता नावापुरतं उरलंय, अतिक्रमणं, खटले. तिथं कसं टिकलं?

दर्यावर्दी

नाचणीताई, मला वाटतं सत्ता आणि जमीन एकाच हातात राहिली म्हणून. तुमच्याकडे पोर्तुगीजांनी गांवकारीवर सरकारी देखरेख बसवली, पुढे कूळकायदा आणि पंचायत आली, सभासदाला वर्षाचा वाटा मिळाला की संपलं. तिकडे मताई हाच गावच्या सभेत बसतो, तोच सिनेटमध्ये जातो. शिवाय बाहेरचा माणूस येऊन बसूच शकत नाही, इमिग्रेशनसुद्धा त्यांच्या स्वतःच्या हातात आहे.

अटलांटाकर

इथं सामोअन म्हटलं की लोकांना एकच माहीत, अमेरिकन फुटबॉल. एवढ्याशा बेटावरून एनएफएलमध्ये कितीतरी पोरं आलीत. माझ्या कामावर एक सामोअन बाई आहे, तुतुइलाची. गावाकडे कुणी वारलं की ऑफिसात तिची धावपळ सुरू, सगळ्या भावंडांकडून पैसे गोळा करायचे, कधी कर्ज काढून पाठवते. मी एकदा विचारलं इतकं कशाला, तर म्हणाली माझ्या आईच्या वेळी सगळ्यांनी केलं होतं. पण त्या ओझ्याचा त्रास होतो हेही तिनेच सांगितलं. ह्यावर लिहा ना.

दर्यावर्दी

त्याला फाआलावेलावे म्हणतात. मयत, लग्न, पदवीदान, चर्चचं उद्घाटन, काहीही मोठं असलं की सगळ्या आइंगाने हातभार लावायचा. सगळ्यात मान इए तोंगाचा, म्हणजे पांडानसच्या पानांच्या बारीक पट्ट्यांची विणलेली चटई, इतकी मऊ की कापडासारखी घडी होते, एकेक विणायला बायकांना महिनोन्महिने लागतात. ती अंथरायची नसते, द्यायची असते. मयताला चटया उलगडून सगळ्यांसमोरून मिरवत आणतात, वक्ता मताई हातात काठी आणि खांद्यावर नारळाच्या काथ्याची चवरी घेऊन प्रत्येक घराण्याचं नाव घेतो, आणि परत जाताना आलेल्यांनाही चटया, रोख पैसे, डबाबंद मांस-मासळीची खोकी मिळतात. कुणी किती आणलं, कुणाला किती गेलं हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. घराण्याची इज्जत तिथं दिसते.

ओझं आहेच, नाकारून चालणार नाही. पगार बेताचे. बेटावर दोनच मोठे आधार, सरकारी नोकरी आणि ट्यूनाचा कारखाना. बंदराच्या पलीकडे आतुऊला स्टारकिस्टचा कारखाना आहे, वारा तिकडून असला की सगळ्या बंदरावर वास. पूर्वी दोन मोठे कारखाने होते, २००९ च्या सप्टेंबरअखेर एक बंद झाला, आणि त्याच आठवड्यात, २९ सप्टेंबरला सकाळी भूकंप होऊन त्सुनामी आली, ३४ माणसं गेली, पांगो पांगो आणि लिओने गावांत घरं वाहून गेली. एकाच आठवड्यात दोन्ही. त्यानंतर बाहेर जाणाऱ्यांचा ओघ वाढला. आज अमेरिकेत दोन लाखांहून जास्त सामोअन आहेत, बेटावर पन्नास हजारसुद्धा नाहीत. त्या बाहेरच्यांना बेटाशी जोडून ठेवणारा धागा फाआलावेलावेच आहे, पैसे पाठवतात म्हणून घराण्यात त्यांचा शब्द चालतो, पदवी मिळू शकते, आणि मेल्यावर त्या अंगणात जागा मिळते. आकडा कमी करा, कर्ज काढू नका असं खुद्द तिथले पाद्री आणि मताई सांगायला लागलेत हे चांगलं आहे.

इतिहासवेडा

दोन सामोआंमध्ये फरक काय? १९१८ च्या फ्लूबद्दल काहीतरी वाचलं होतं.

दर्यावर्दी

बरं झालं विचारलंत, ही गोष्ट प्रत्येकाला माहीत असायला हवी. पहिल्या महायुद्धात पश्चिम सामोआ जर्मनीकडून न्यूझीलंडने घेतलं होतं. ७ नोव्हेंबर १९१८ ला ऑकलंडहून तालुने नावाचं जहाज आपियाला (पश्चिम सामोआच्या राजधानीला) आलं, जहाजावर आजारी माणसं होती, तरी उतरू दिली. दोन महिन्यांत साडेआठ हजारांच्या आसपास माणसं मेली, लोकसंख्येच्या पाचव्या हिश्शाहून जास्त. कितीतरी गावांत पुरायला माणूस उरला नाही. आणि तिथून जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटरवर तुतुइलात एकही मृत्यू नाही! गव्हर्नर जॉन पोयर ह्याने कडक क्वारंटाइन लावलं, आणि गावकऱ्यांनी स्वतः किनाऱ्यावर पहारे दिले, पलीकडून आलेल्या होड्या, त्यात नातेवाईक असले तरी परत पाठवल्या. पोयरने आपियाला डॉक्टर पाठवायची तयारी दाखवली होती, तिथला न्यूझीलंडचा अधिकारी लोगन ह्याने ती मदत घेतली नाही. तो राग पुढे पश्चिम सामोआच्या माऊ ह्या स्वातंत्र्य चळवळीत उतरला, १९६२ मध्ये ते स्वतंत्र झाले, आणि २००२ मध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क ह्यांनी आपियात जाऊन माफी मागितली.

आजचा फरक म्हणाल तर ते स्वतंत्र देश, गाड्या डावीकडून, आणि २०११ च्या शेवटी त्यांनी तारीखरेषा ओलांडून घेतली, ३० डिसेंबर हा दिवसच त्यांच्या कॅलेंडरात आला नाही. त्यामुळे आपियाहून छोट्या विमानात बसलं की अर्ध्यापाऊण तासात पांगो पांगोला उतरता आणि तिथं आदल्या दिवसाची तीच वेळ असते. भाषा, पदव्या, नातीगोती सगळं अजून एकच.

चिंगी

वाचतेय, वाचतेय. गोंदणाबद्दल लिहा ना! आणि तिथं क्रिकेट खेळतात असं ऐकलं ते खरं का?

दर्यावर्दी

खरंय. त्याला किरिकिती म्हणतात, इंग्रज मिशनऱ्यांकडून आलं आणि त्यांनी ते स्वतःचं करून टाकलं. बॅट तिधारी आणि लांब, गदेसारखी, मुठीला काथ्या गुंडाळलेला, बॉल रबराचा, आणि टीममध्ये कितीही माणसं, अख्खं गाव. विकेट पडली की फिल्डिंगवाले नाचतात. बायकाही खेळतात.

गोंदण पुरुषांचं ते पेआ, कमरेपासून गुडघ्यापर्यंत पूर्ण अंग भरलेलं. बायकांचं मालू, मांड्यांवर, नाजूक. गोंदणारा तुफुंगा, हे पण घराण्यातलंच काम, हाडाच्या किंवा डुकराच्या सुळ्याच्या दातेरी पट्ट्या काठीला बांधलेल्या, काजळीच्या शाईत बुडवून छोट्या दांड्याने टक टक ठोकत जातो, दोन मदतनीस कातडं ताणून धरतात आणि रक्त पुसतात. चटईवर झोपायचं, घरची माणसं शेजारी बसून गातात. कित्येक दिवस चालतं आणि मधे सोडलं तर अर्धवट पेआ म्हणजे सगळ्या घराण्याला खाली बघायला लावणारी गोष्ट. म्हणून घरचे आधी विचारतात, झेपेल ना? पूर्ण केलेला माणूस मताईंना आवा (समारंभात प्यायचं मुळीचं पेय) वाढायला, सेवा करायला उभा राहू शकतो. मी गोदीत एका क्रेनवाल्याची लावालावा वाऱ्याने सरकल्यावर गुडघ्यावरच्या त्या रेषा पाहिल्या, इतक्या सरळ की पट्टीने ओढल्यासारख्या. विचारल्यावर त्याने आधी गोंदणाऱ्याच्या घराण्याचं नाव सांगितलं, मग स्वतःचं.

मी_नाशिककर

जायचं असेल तर? माझ्याकडे अमेरिकेचा व्हिसा आहे, तो चालेल ना?

दर्यावर्दी

नाही चालत आपोआप. मघाशी म्हटलं तसं इमिग्रेशन त्यांचं वेगळं आहे, भारतीय पासपोर्टवर त्यांच्याकडून वेगळी परवानगी काढावी लागते, जायच्या बऱ्याच आधी त्यांच्या कायदा खात्याच्या साइटवर नियम बघून अर्ज करा. विमान होनोलुलूहून आठवड्यातून मोजकीच, सहाएक तास धरून चला, नाहीतर आपियामार्गे. आपल्यापेक्षा साडेसोळा तास मागे आहेत ते. जमलं तर १७ एप्रिलच्या आसपास जा, फ्लॅग डे असतो, गावोगावच्या फाउतासी म्हणजे चाळीस-पन्नास वल्हेकऱ्यांच्या लांब होड्यांची बंदरात शर्यत लागते आणि महिनोन्महिने पोरं त्यासाठी पहाटे सराव करतात. फिरायला आइंगा बस, पिकअप ट्रकवर लाकडी बॉडी चढवलेली, आत मोठ्याने गाणी, उतरायचं असलं की छताला ठोका द्यायचा आणि पैसे उतरताना द्यायचे. कुठल्याही गावच्या किनाऱ्यावर पोहायच्या आधी जवळच्या घरी विचारून घ्या, कारण ती वाळू पण कुणाच्या तरी घराण्याची आहे, आणि रविवारी तर पोहायला विचारूही नका.